लेव्हल नंबर तीनखालचं नाव

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "सर, आयुष्यभर पोरांना नाटक शिकवलंत. काहीतरी हलकंफुलकं लिहा. तालमीतले किस्से, फजित्या, गमतीजमती." मी हो म्हणालो आणि फोन ठेवल्यावर चहा गार होईपर्यंत चिडून बसलो. नाटक म्हटलं की लोकांना गमतीच का आठवतात? विहीर खणणाऱ्याला कोणी म्हणत नाही, की बाबा, सुरुंगाच्या गमती सांग. आमच्या कामातही माणसं पडतात, हाडं मोडतात, आणि कधीकधी कोणाचं तरी आख्खं आयुष्य भलतीकडे वळतं. तेव्हा गमती थोड्या येतील. बाकीचा राग आहे, तो संपादकांनी गोड मानून घ्यावा.

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात नाट्यशास्त्र शिकवत होतो. आता निवृत्त आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. विभाग म्हणजे एक खोली, एक सभागृह, त्याचा अर्ध्यावर अडकणारा पडदा आणि तीस-पस्तीस पोरं-पोरी. दरवर्षी प्रवेशाच्या वेळी एकच प्रश्न यायचा, "सर, हे शिकल्यावर सिरियलमध्ये लागते का?" आरशासमोर उभं राहून मोबाईलवर दोन रील टाकले, की आपण नट झालो असं मानणारी ही पिढी. एकदा एक बाप मुलाचा हात धरून आला आणि मला म्हणाला, "सर, नाटक शिका काऊन लागते? आमचं पोट्टं तसंबी घरी दिवसभर नाटकंच करते." मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "घरी करतो त्याला वेळेवर यायला लागत नाही. इथं लागतं." त्या पोट्ट्यानं आठ दिवसांत दुसरा विषय घेतला.

बाहेरच्या माणसाला वाटतं, नाटक शिकणं म्हणजे रडायला-हसायला शिकणं. ते शेवटचं. आधीचं सगळं शिस्तीचं असतं आणि ते फार कंटाळवाणं असतं. पहिल्या दिवशी मी नेम सांगायचो, पोरांनी ते आपल्या हातानं वहीत लिहायचे आणि खाली सही करायची. तालीम तीनची म्हणजे पावणेतीनला चपला दाराबाहेर ओळीनं दिसल्या पाहिजेत. तीन तालमी चुकवल्या की भूमिका गेली. मग तो कोणीही असो. आपलं काम संपलं म्हणून घरी जायचं नाही, शेवटचा पडदा पडेपर्यंत विंगेत उभं राहायचं. फोन दाराशी ठेवलेल्या घमेल्यात टाकायचे. एक मुलगी रोज एक बंद पडलेला जुना फोन घमेल्यात टाकायची आणि चालू फोन ओढणीच्या गाठीत ठेवायची. एकदा ऐन मरणाच्या प्रसंगात प्रेत झालेल्या तिच्या कमरेला रिंग वाजली. त्या दिवशी मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

प्रॉपर्टीचं टेबल हा आमच्याकडे देव्हारा होता. नाटकात लागणारी प्रत्येक वस्तू, चष्मा, कंदील, पत्र, तिथं ठेवायची. टेबलावर प्रत्येक वस्तूचा आकार खडूनं आखलेला. जो ती वस्तू वापरणार त्यानंच ती आपल्या आकारात ठेवायची आणि प्रवेशाआधी स्वतः बघायची. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. एका बहाद्दरानं दुसऱ्याच्या प्रसंगातली भाकर विंगेत उभ्या उभ्या खाल्ली होती. ज्याची भाकर होती त्यानं मंचावर रिकाम्या फडक्यातून घास मोडून असा काही खाल्ला, की प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. पण मी खाणाऱ्याला महिनाभर बाहेर बसवलं. त्याचं म्हणणं, "सर, एका भाकरीचं एवढं काय?" एका भाकरीचंच सगळं असतं.

आणि झाडू. आमच्याकडे ज्याला मुख्य भूमिका मिळाली, त्याच्याच हातात झाडू मिळायचा. तालमीआधी मंच नायकानं झाडायचा. यामागं माझं साधं गणित होतं. ज्या फळीवर सगळे तुझ्याकडे बघणार आहेत, त्या फळीवरचा खिळा कुठं वर आलाय हे तुला कमरेत वाकल्याशिवाय कळणार नाही.

शेवटचा नेम लेव्हलचा. त्यावरच हे सगळं प्रकरण उभं आहे, म्हणून नीट सांगतो. मंचावर उंची दाखवायला लाकडी चौथरे वापरतात, त्यांना आम्ही लेव्हल म्हणतो. वर जाड प्लायवूड, खाली चौकट, आणि चार पाय प्रत्येकी दोन नट-बोल्टनं जोडायचे. पाय घट्ट कसले तर त्यावर बैल उभा करा. ढिले राहिले तर मांजरही पडेल. आमचा नेम असा, की ज्या लेव्हलवर दुसरा उभा राहणार ती तू कसायची. पान्यानं आठही बोल्ट कसायचे, वर चढून तीन उड्या मारायच्या आणि मग खाली जाऊन प्लायवूडच्या पोटाला खडूनं स्वतःचं नाव लिहायचं. नाव म्हणजे सही. मग रंगमंच व्यवस्था बघणाऱ्यानं बॅटरी मारून प्रत्येक लेव्हलखाली नाव आहे का बघायचं आणि रजिस्टरात तसं लिहायचं. त्यानं स्वतः पाना लावायचा नाही, कारण दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायला शिकणं हाच धडा होता. मला या नेमाचा फार अभिमान होता. बाहेरगावचे दिग्दर्शक आले की मी त्यांना लेव्हल उलट्या करून नावं दाखवायचो.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वर्षी रंगमंच व्यवस्था वैशालीकडे होती. वैशाली अमडापूरची, बौद्ध घरातली, वडील गवंडीकाम करायचे. रोज एसटीनं यायची आणि दोन वर्षांत एकदाही उशिरा आली नाही. एसटी बंद होती त्या दिवशी दुधाच्या गाडीतून आली. बाकीच्या पोरी भूमिकेसाठी रुसायच्या, हिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मले समोर नाई यायचं सर. समोरचे पडू नाई, हे मले पाहाचं हाय." असा विद्यार्थी शिक्षकाला आयुष्यात एखादाच मिळतो. तिला पुढं मोठ्या शहरात रंगमंच-तंत्र शिकायला जायचं होतं. त्यासाठी विभागाचं शिफारसपत्र लागणार होतं आणि ते मी मनात लिहूनही ठेवलं होतं.

दुसरा संतोष, सोनाळ्याचा, वसतिगृहात राहणारा. पोलीस भरतीची तयारी करायचा. पहाटे मैदानावर पळायचा आणि दुपारी आमच्याकडे यायचा. "नाटकानं आवाज मोकळा होते सर, तिथं ग्राउंडवर नंबर सांगा लागते," म्हणायचा. जिथं उभं करावं तिथं खांबासारखा उभा राहायचा.

आणि तिसरा हर्षल, संस्थेच्या एका संचालकांचा मुलगा. दिसायला देखणा, आवाज खणखणीत आणि अंगाला कष्टाची काडीची सवय नाही. त्या वर्षी नाट्यविभाग ठेवायचा की बंद करायचा यावर संस्थेत चर्चा चालली होती आणि निर्णय हर्षलच्या वडिलांच्या हातात होता. मला तसं कोणी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

विद्यापीठाच्या युवक महोत्सवासाठी आम्ही एकांकिका बसवली. गावातला एक माणूस पाण्याच्या टाकीवर चढून बसतो आणि नळाला पाणी आल्याशिवाय खाली उतरायला नकार देतो, अशी गोष्ट. टाकीवरचा माणूस संतोष. त्याला खाली बोलावणारा सरपंच हर्षल, आणि मुख्य भूमिका त्याचीच. म्हणजे झाडूही त्याचाच.

तिसऱ्या दिवशी संचालकांचा फोन. "सर, पोराले झाडू माराले लावता म्हने? ते काम आमचं हाय का?"

त्यांना विचारायला पाहिजे होतं, "मग कोणाचं आहे?" त्या एका प्रश्नात त्यांचं तोंड बंद झालं असतं. मी म्हणालो, "नाही नाही, बघतो मी." दुसऱ्या दिवशी झाडू भिंतीला टेकलेला होता आणि हर्षल खुर्चीत बसून फोनवर होता. घमेलं रिकामं होतं. मी वैशालीला म्हणालो, "आज तू मार."

ती म्हणाली, "सर, झाडू तं हिरोचा असते ना?"

"आज मार म्हटलं ना."

तिनं मारला. तो "आज" तीन आठवडे चालला. कोणाच्या हातातून झाडू काढून मी कोणाच्या हातात दिला, हे त्या वेळी मला दिसत नव्हतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. दिसत होतं. मी संहितेत डोकं घालून बसायचो.

हर्षलनं तीन तालमी चुकवल्या, मग पाच, मग मोजणं मीच सोडलं. वैशाली रजिस्टरात गैरहजेरी लिहीत राहिली. एकदा तिनं पान उघडून माझ्यासमोर धरलं. मी म्हणालो, "माहीत आहे मला." संतोषच एकदा चिडून म्हणाला, "सर, आमी नाई आलो तं बाहेर, आन् तो नाई आला तं त्याची वाट पाहून राह्यलो. हा कोनता नेम हाय?" मी त्यालाच झापलं. कुंपणानंच शेत खायला सुरुवात केली होती, आणि कुंपण मी होतो.

महोत्सवाच्या दिवशी आमची एकांकिका दुपारी होती. बाकी पोरं टेम्पोच्या मागं लेव्हलवर बसून सकाळीच पोचली. हर्षल वडिलांच्या गाडीतून आला, आमचा नंबर लागायच्या जेमतेम अर्धा तास आधी. स्पर्धेत नेपथ्य उभं करायला दहा मिनिटं मिळतात. घंटा झाली की पोरं धावतात; कोण पडदे बांधतं, कोण लेव्हल लावतं, आणि बाहेर परीक्षक घड्याळाकडे बघत असतात. टाकीची लेव्हल, नंबर तीन, सगळ्यात उंच. पाच फूट. तिच्यावर संतोष उभा राहणार, म्हणून ती कसायची होती हर्षलनं.

सहा-सात मिनिटं झाली. मी तीन नंबरखाली वाकून पाहिलं. नाव नव्हतं. हर्षल विंगेतल्या आरशासमोर मिशी चिकटवत होता. मी ओरडलो, "हर्षल, तीन नंबर?"

तो आरशातूनच म्हणाला, "कसली सर! नाव तेवढं राह्यलं."

मी पाना घ्यायला पाहिजे होता. निदान एक बोल्ट हातानं हलवून बघायला पाहिजे होता. नाहीतर त्याला मिशीसकट ओढत आणून खाली घालायला पाहिजे होतं. माझ्या खिशात खडू असायचाच. मी खाली सरकलो आणि त्याचं नाव लिहिलं. हर्षल. दोन सेकंदांचं काम.

पाठोपाठ वैशाली आली, बॅटरी मारली, नाव पाहिलं, रजिस्टरात लिहिलं, "लेव्हल ३, नाव आहे." नेमाप्रमाणं तिनं पाना लावला नाही. तिनं माझ्याकडे पाहून अंगठा दाखवला. मी पडदा उघडायची खूण केली.

नाटक सुरू झालं. संतोष टाकीवर चढला. त्याचं पहिलंच वाक्य होतं, "मी खाली येनार नाई." त्यानं ते म्हणून पाय आपटला आणि लेव्हलचा मागचा पाय आत दुमडला. संतोष पाठीमागं, विंगेच्या बाजूला, पाच फुटांवरून पडला आणि लेव्हल उलटी होऊन त्याच्या पायावर आली.

प्रेक्षक हसले. त्यांना वाटलं, बसवलेलंच आहे. तो हशा अजून माझ्या कानात आहे. त्यांच्यावर मी कितीतरी वर्षं चिडत होतो. त्यांचा काय दोष?

पडदा पाडला. पोरांनी संतोषला उचललं आणि जिल्हा रुग्णालयात नेलं. घोटा मोडला होता. मी मात्र लगेच त्यांच्याबरोबर गेलो नाही. मंचावर लेव्हल पाय वर करून पडली होती. चारपैकी दोन पायांचे बोल्ट नुसते हातानं फिरवून सोडलेले होते. आणि मधोमध, सगळ्यांना दिसेल असं, खडूनं लिहिलेलं नाव. माझ्या अक्षरात. मी रुमाल काढला, थुंकीनं ओला केला आणि ते नाव पुसलं.

वर पाहिलं तर विंगेत वैशाली उभी होती. हातात बॅटरी तशीच चालू. ती वळून दवाखान्याकडे गेली.

पुसताना मी मनाला काय सांगितलं तेही लिहितो, म्हणजे पूर्ण होईल. मी सांगितलं, की हर्षलचं नाव वर आलं तर त्याचे वडील विभाग बंद करतील, तीस पोरांचं नुकसान होईल, या तीस पोरांसाठी मी हे करतोय. तीस पोरांत वैशाली आणि संतोष धरले होते का, हे मी स्वतःला विचारलं नाही.

चौकशी समिती बसली. प्राचार्यांची केबिन, तीन माणसं, टेबलावर रजिस्टर. मी एका बाजूला, वैशाली समोर. तिला बसायला सांगायचंही कोणाला सुचलं नाही, की लेव्हल कसायचं काम कोणाचं होतं हे विचारायचंही.

प्राचार्य म्हणाले, "तू लिहिलंस, नाव आहे. आम्ही लेव्हल पाहिली. नाव नाही."

"मी बॅटरी मारून पाह्यलं सर. नाव होतं."

"मग गेलं कुठं?"

"पुसल्या गेलं असंन."

"कोणी पुसलं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, ती नुसती वाट बघत होती. समोर पाण्याचा पेला होता, मी त्यात बघत बसलो.

"मले नाई माहीत," ती म्हणाली.

अहवाल आला. रंगमंच व्यवस्थेतील विद्यार्थिनीने तपासणी न करता खोटी नोंद केल्याने अपघात घडला. तो नोटीस बोर्डावर काचेच्या आत लावला, तिच्या पूर्ण नावानिशी, आणि खाली विभागप्रमुख म्हणून माझी सही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर फाशीच्या कागदावर चोरानंच सही केली. शिफारसपत्राचा प्रश्नच उरला नाही. वैशालीनं विषय सोडला आणि पुढं कॉलेजही. संतोषची भरती त्या वर्षी हुकली. पुढच्या वर्षी तो मैदानावर गेला, पण पाय पळायला साथ देईना. विभाग मात्र वाचला. संचालकांनी सभागृहाला नवे दिवेसुद्धा दिले, त्या दिव्यांखाली मी पुढं तीन नाटकं केली आणि दरवर्षी नव्या पोरांना पहिल्या दिवशी तेच नेम लिहायला लावले. नाव म्हणजे सही, असं फळ्यावर ठळक लिहून खाली दोन रेघाही मारत राहिलो. माणूस किती निर्ढावतो बघा.

गेल्या वर्षी कॉलेजात विभागाचा कार्यक्रम झाला. निवृत्त म्हणून मला पहिल्या रांगेत बसवलं. प्रमुख पाहुणा हर्षल. आता तोही संस्थेत संचालक आहे, सांस्कृतिक काम बघतो. मिशी आता खरी आहे. माईकसमोर उभं राहून तो पोरांना म्हणाला, "आजच्या पिढीले जबाबदारी समजत नाई. आमाले सरांनी शिकवलं, आपलं काम आपल्या नावानं कराचं." पोरांनी टाळ्या वाजवल्या. तो खाली येऊन माझ्या पाया पडला. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. हात वर गेला तो त्याच्या डोक्यावर ठेवला, कारण मारायचा हक्क मी त्या दिवशी दोन सेकंदांत घालवला होता. त्यानं बोल्ट ढिले सोडले हे खरं. पण त्याला तर बिचाऱ्याला हेही माहीत नव्हतं, की त्याचं नाव खाली लिहिलं होतं.

त्या दिवशी घरी आलो आणि जेवण जाईना. दोन दिवसांनी संतोषला फोन केला. तो सोनाळ्याला खतं-बियाण्यांच्या दुकानात असतो. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सर, मले आता पळा थोडंच लागते. तुमी वैशालीले सांगा. ते अमडापूरलेच असते, मंडप-डेकोरेशनचा धंदा हाय त्याईचा." आणि फोन ठेवला. नमस्कार म्हणाला नाही, पहिल्यांदाच.

अमडापूरला गेलो. गावाबाहेर पत्र्याचं गोदाम, दारात लोखंडी पाइप, आत कापडाचे गठ्ठे आणि लग्नाच्या स्टेजच्या लेव्हल एकावर एक रचलेल्या. दाराशी एक घमेलं होतं, त्यात चार-पाच मोबाईल. मी तिथंच थांबलो. आतून वैशालीचा आवाज आला, "कोन हाय? आत या." तिनं मला पाहिलं, ओळखलं, हातातला पाना खाली ठेवला नाही. एका माणसाला पाणी आणायला सांगितलं. "बसा सर."

मी बसलो नाही. दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी दोन माणसं एक लेव्हल जोडत होती. जोडून झाल्यावर एकानं खाली जाऊन खडूनं नाव लिहिलं. वैशाली वाकली, बॅटरी मारली, नाव पाहिलं आणि मग पान्यानं आठही बोल्ट एकेक करून तपासले.

"नेम तुमचाच चालवून राह्यली सर," ती म्हणाली. "एकच बदल केला. नाव पाह्यल्यावर पाना मी सोता लावते."

मग मी बोललो. नाव मी लिहिलं, मी पुसलं, केबिनमध्ये मी गप्प बसलो. ती ऐकत होती आणि हातातल्या पान्याला फडक्यानं पुसत होती.

"मले तवाच माहीत होतं," ती म्हणाली. "तुमचं अक्षर मी दोन वर्षं फळ्यावर पाह्यलं. बॅटरी मारली तवाच वयखलं. मले वाटलं, सरनं सोता लिवलं म्हंजे सरनं सोता पाना लावला. म्हनून तं अंगठा दाखोला."

मी म्हणालो, "मग केबिनमध्ये बोलली का नाहीस?"

"तुमी बोलसान म्हनून थांबली होती."

गोदामात पत्रा तापून कडकड वाजत होता. मी म्हणालो, "वैशाली, मला माफ कर."

आता मात्र ती चिडली. "माफी कायले मांगता सर? इथं चार भिंतीत माफी मांगसान, मी हाव म्हनीन, तुमी घरी जाऊन जेवसान. माह्या बाबानं तो बोर्ड वाचला होता. काचेवर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं त्याईनं. मरेपर्यंत त्याईले वाटलं, पोरीनं खोटं लिवलं. ते कागदावर होतं ना? मंग तुमीबी कागदावर लिवा. छापा. लोकाईले वाचू द्या."

"छापतो," मी म्हणालो.

"पाह्यते," ती म्हणाली आणि बॅटरी घेऊन पुढच्या लेव्हलकडे गेली. तिला माझ्या शब्दाचा भरवसा नव्हता, आणि तो नसणंच बरोबर होतं.

तेव्हा संपादकमहाराज, तुम्ही गमती मागितल्यात आणि मी हे पाठवतोय. काटछाट करायची तर भाकरीचा किस्सा काढा, घमेल्याचा काढा, माझ्या शिस्तीच्या फुशारक्या सगळ्या काढा. शेवटच्या पाच वाक्यांना मात्र हात लावू नका. रजिस्टरातली ती नोंद दुरुस्त करायची राहिली आहे. ती अशी.

लेव्हल नंबर तीन. बोल्ट हर्षलने कसले नाहीत. नाव मी लिहिले, न तपासता. नंतर ते मीच पुसले. वैशालीने बॅटरी मारून पाहिले तेव्हा नाव होते.